सुदैवाचा संदर्भ

२ सप्टेंबर

आजपासून मी पुन्हा कामावर. पगार नाही, हजेरी नाही, टेबल म्हणजे आमचंच जेवणाचं टेबल. पण काम आहे, आणि ते माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही असं बाईंनी स्वतः येऊन सांगितलं. बाई म्हणजे पलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवतात त्या. छत्तीस वर्षांपूर्वी अणुवीज केंद्रात अपघात झाला होता, त्याच्यावर त्या शाळकरी मुलांसाठी वेबसाइट करतायत. लिखाण झालंय, संगणकाचं सगळं त्यांचे यजमान बघतात. अडलंय एकाच ठिकाणी. साइटवर फोटो, तक्ते, नकाशे, पत्रं मिळून दोनशे चौदा गोष्टी आहेत. त्यातली प्रत्येक कुठून आली, कुणाची आहे, वापरायला परवानगी आहे का, हे लावून द्यायचंय. नऊ ऑक्टोबरला, अपघात झाला त्याच तारखेला, साइट सुरू होणार. ज्याचा संदर्भ लागला नाही ते पडद्यावर येणार नाही, हा बाईंचाच नियम. मला आवडला.

मी त्यांना म्हटलं, एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, मंत्र्यांच्या भाषणांतून चुका वेचून काढल्या आहेत. छापखान्यात मला ‘चाळणी’ म्हणायचे हेही सांगून टाकलं. आपणच आपलं सांगू नये, पण दुसरं कोण सांगणार?

वन्संनी चहा आणून ठेवला. वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण, आमच्याजवळच असतात. बाईंना चहा फार आवडला, दोन कप घेतले. विषय कानावर पडला तशा वन्सं गॅलरीत कपडे काढायला गेल्या. कपडे ओलेच होते. त्यांना विज्ञानाचा पहिल्यापासून कंटाळा.

५ सप्टेंबर

बुटांची तीन खोकी रिकामी केली. एकावर लिहिलं ‘सापडले’, दुसऱ्यावर ‘शोधायचे’, तिसऱ्यावर ‘भांडायचे’. प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड. आज एकवीस कार्डं झाली, त्यातली नऊ ‘भांडायचे’मध्ये गेली. एका फोटोखाली कुणीतरी ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहून ठेवलंय. इंटरनेट हा कुणाचा कोण? तो कॅमेरा घेऊन तिथे उभा होता का?

दुपारी डुलकी काढून उठले तर माझ्या चिठ्ठ्या काढून खोक्यांवर नव्या चिकटवलेल्या. वन्संचं काम. अक्षर छापल्यासारखं आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक बाण, खोकं कुठल्या बाजूने उघडतं ते दाखवणारा. या बाणांनी मला आयुष्यभर छळलंय. फ्यूजच्या डब्यावर बाण, औषधांच्या खोक्यावर बाण, मोरीतल्या नळाच्या मुख्य कॉकवर बाण. टोकाची डावी बाजू काळी भरलेली, उजवी मोकळी, शेपटीवर बारीक आडवी रेघ. सगळे एका साच्यातले. घर आहे की आगबोट, असं मी एकदा विचारलं होतं, त्यालाही वीस वर्षं झाली.

टाचणी काढायला त्यांच्या डबीत हात घातला तर अर्धं ब्लेड बोटात घुसलं. हे अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून बाळगायची त्यांची खोड. रक्ताबरोबर शाईचाही एक ठिपका कार्डावर पडला. मी कार्ड फाडणार एवढ्यात वन्संनी ते ओढून घेतलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि ब्लेडने शाई अशी खरवडली की ठिपका कुठे होता तेही कळेना. मानायला पाहिजे. मी मानलं, पण बोलून दाखवलं नाही.

६ सप्टेंबर

वन्संबद्धचं माझं मत इथे लिहून ठेवते, कारण बोलून दाखवायची सोय नाही. माझं लग्न झालं तेव्हा त्या राजधानीत सरकारी नोकरीला होत्या. ऑफिसात बसून काहीतरी लिहिण्याचं काम, एवढंच मला ठाऊक. दोन वर्षांनी एक दिवस एक सुटकेस घेऊन दारात उभ्या. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढून बजावलं, काही विचारायचं नाही. मी आजतागायत विचारलेलं नाही. पण मला डोकं आहे. एवढी हुशार मुलगी चांगली नोकरी टाकून येते, पुढे कधी लग्नाचं नाव काढत नाही, याचा अर्थ एकच. ऑफिसातला कुणीतरी, आणि तो लग्न झालेला असणार. म्हणून मी त्यांच्याशी कधी फार वाकड्यात शिरले नाही.

९ सप्टेंबर

आज सत्त्याऐंशी नंबर. साइटवरचा सगळ्यात महत्त्वाचा ऐवज हाच, असं बाईंचं म्हणणं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हवामान खात्यातून निघालेला नकाशा. वारा कुठे वाहतोय, केंद्रातून निघालेली विषारी धूळ कुठे जाणार, आणि म्हणून कुठली गावं रिकामी करायची, त्याची हद्द या नकाशावर आखली होती. त्या हद्दीबरहुकूम ट्रक निघाले. सगळ्या पुस्तकांत या नकाशाखाली खात्याच्या मुख्य साहेबांचं नाव आहे. साहेब आता हयात नाहीत.

बाई म्हणाल्या, ‘काकू, मी त्या हद्दीच्या आतली आहे. गिरणीच्या गावची. चार वर्षांची होते. कुणीतरी मला उचलून ट्रकमध्ये फेकलं, तेवढं आठवतं.’ गावं रिकामी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या गावावर आणि शेजारच्या पुलाच्या गावावर पाऊस पडला आणि सगळी धूळ त्या पावसाबरोबर तिथेच खाली आली. गावात तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

चौकशी समितीचा अहवाल त्यांनी मला दिला. पान एकशे बारावर असं आहे: ‘साहेबांच्या मूळ आराखड्यात ही दोन गावे हद्दीबाहेर होती. नकाशा शाईने गिरवणाऱ्या महिला ट्रेसरच्या हातून चुकीने रेषा पूर्वेकडे सरकली. सुदैवाने, त्यामुळे तेथील रहिवासी आधीच हलवले गेले.’ ट्रेसरला कामावरून काढलं, असंही पुढे आहे. नाव दिलेलं नाही.

जेवताना मी हा उतारा यांना आणि वन्संना मोठ्याने वाचून दाखवला. म्हटलं, काय एकेक माणसं असतात बघा. अख्खा देश डोळे लावून बसलाय आणि या बयेचा हात सरकतो. आमच्या छापखान्यात दोन दिवस टिकली नसती. गावं वाचली हे त्या गावांचं नशीब, तिचं कौतुक कसलं.

यांच्या हातून चमचा पडला. हल्ली यांना नीट ऐकूही येत नाही आणि हातही थरथरतो, डॉक्टरांना दाखवायला हवं. वन्सं उठल्या आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसल्या. मी म्हटलं, अहो स्वच्छ आहे ते. त्या म्हणाल्या, डाग दिसला.

१३ सप्टेंबर

साहेबांच्या मुलीचं पत्र आलं. साहेबांचे बहुतेक कागद तिने हवामान खात्याच्या दप्तरखान्यात ठेवलेत, पण हक्क तिच्याकडे. नकाशा वापरा, हरकत नाही. अट एकच, खाली ‘नकाशा’ आणि पुढे साहेबांचं नाव एवढंच लिहायचं, बाकी शब्द नको. कागद भारी, अक्षर टपोरं.

बाई म्हणाल्या, वेळ कमी आहे, मान्य करून टाकू. मला पटलं नाही. अहवाल म्हणतो रेषा साहेबांची नव्हती. मग ती साहेबांच्या नावावर कशी खपवायची? चुकीची का असेना, ज्याची त्याला द्यायला नको? बाई उठल्या. जाताना म्हणाल्या, ‘काकू, या नकाशाशिवाय साइट म्हणजे नुसतं पुस्तक आहे. मुलांना दाखवायचंय ते हेच, की कुणीतरी एक रेषा काढतं आणि त्यावर माणसं जगतात.’

कार्ड ‘भांडायचे’मध्ये टाकलं. सव्वीस दिवस उरलेत.

१४ सप्टेंबर

एक शब्द डोक्यातून जात नाही. ‘सुदैवाने.’ एकतीस वर्षांत मी असले शब्द शेकड्याने पाहिले. लिहिणाऱ्याला माहीत नसतं, किंवा माहीत असतं आणि सांगायचं नसतं, तेव्हा हे शब्द येतात. इंटरनेटचा हा थोरला भाऊ. दोनशे तेरा गोष्टींचा संदर्भ मागायचा आणि सुदैवाला तसंच सोडायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. दप्तरखान्यात जाऊन मूळ नकाशा बघून येते.

१६ सप्टेंबर

जाऊन आले. चार तास जायला, चार यायला, कंबर कामातून गेली. पण गेले ते बरं केलं.

दप्तरखान्यातला रेकॉर्डकीपर वयाने माझ्याएवढाच, निवृत्तीनंतरही त्याला सोडत नाहीत कारण काय कुठे आहे ते फक्त त्यालाच ठाऊक. पहिली दहा मिनिटं माझ्याशी सरकारी बोलला. मी छापखान्यातली म्हटल्यावर खुर्ची दिली. मूळ नकाशा ट्रेसिंगच्या मेणकापडावर आहे, निळसर, गुळगुळीत. खाली चौकट: काढला, तपासला, मंजूर. तिन्ही ठिकाणी साहेबांची सही. मी विचारलं, गिरवणाऱ्याची सही कुठे?

‘ट्रेसरला सही नसते,’ तो म्हणाला. ‘बाण असतो.’

मग त्याने समजावलं. उत्तर दिशा दाखवणारा बाण प्रत्येक नकाशावर लागतो आणि तो कसा काढायचा यावर खात्याचं बंधन नव्हतं. त्यामुळे प्रत्येक ट्रेसरने आपापला बाण ठरवलेला. काम परत करायचं झालं तर हेडक्लार्क बाण बघून हाक मारायचा. नाव मात्र त्यालाही सांगता येईना, तो पुढच्या वर्षी लागला आणि त्या सालचं हजेरीपुस्तक भिजून गेलं. मी बाण कार्डावर उतरवून घेतला. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण असे बाण सगळीकडेच असतात.

आता मुख्य गोष्ट. त्याने नकाशा खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. शाईचं काम चुकलं तर मेणकापडावर खोडरबर चालत नाही, ब्लेडने खरवडावं लागतं, आणि खरवडलं की तिथली चकाकी जाते. पूर्वेच्या बाजूला, आत्ताच्या रेषेच्या आत, एक लांबच लांब निस्तेज पट्टा दिसला. भिंगातून पाहिलं. तिथे आधी एक रेषा होती, दोन गावं बाहेर ठेवणारी, साहेबांच्या आराखड्याप्रमाणे अगदी बरोबर. ती आधी नीट गिरवली, मग इंचाइंचाने खरवडली, आणि मग नवी काढली.

मी आयुष्यभर चुका पाहिल्यात. हात सरकतो तेव्हा रेषा एकच असते आणि ती वाकडी असते. इथे दोन होत्या आणि दोन्ही सरळ होत्या. चूक तर सगळेच खोडतात. बरोबर असलेली रेषा बसून कोण खोडतं? ज्याला काहीतरी नवीन कळलंय, तोच.

रेकॉर्डकीपरला सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं, आणि आत जाऊन एक जाडजूड वही घेऊन आला. त्या दिवसांत गावोगावच्या हवामान चौक्यांवरून फोनवर आलेल्या आकड्यांची नोंद. तिसऱ्या दिवशी पहाटेची शेवटची नोंद, सहा वाजून दहा मिनिटं: गिरणीच्या गावातली शाळा, वारा पश्चिमेचा झाला, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मापकाचा आकडा चढतोय. वाऱ्याची दिशा दाखवायला बाजूला बाण. तोच, अर्धा काळा. शेवटचा रकाना ‘माहिती कोणाकडून’. वर सगळ्यांनी ‘फोनवरून’, ‘फोनवरून’ लिहिलंय. या एका नोंदीत शाळेच्या शिपायाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. एवढ्या धावपळीत सुद्धा.

ही बाई कोण होती कुणास ठाऊक. परवा जेवताना मी तिच्याविषयी जे बोलले ते मागे घेते. माझ्या छापखान्यात असती तर मी तिला माझ्या शेजारचं टेबल दिलं असतं.

१७ सप्टेंबर

मोरीतला नळ गळत होता. मुख्य कॉक बंद करायला वाकले आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिले.

१८ सप्टेंबर

काल पुढे लिहिता आलं नाही.

यांना बागेत नेऊन विचारलं. घरात बोलायची हिंमत नव्हती. हे म्हणाले, आईने शपथ घातली होती. चौकशीत धाकटीला सांगितलं गेलं, चूक झाली असं लिहून दे आणि घरी जा. मुद्दाम केलं म्हणालीस तर सरकारी नकाशात फेरफार केल्याचा खटला भरू. ती अठ्ठावीस वर्षांची होती. तिने लिहून दिलं. आई म्हणाली, सुनेला कळता कामा नये, ती छापखान्यात आहे, चुकांवरच तिचं पोट आहे.

म्हणजे या घरात छत्तीस वर्षं मी एका माणसाला चोरून वागायला लावलं, आणि मला पत्ता नाही. तेही कसं? येताजाता इतरांच्या चुका मिटक्या मारत सांगून. आणि नऊ तारखेला तर मी तिच्या ताटासमोर तिचाच निकाल वाचला, वर शेरा मारला. मी यांना विचारलं, तुम्ही मला लाथ का नाही मारलीत टेबलाखालून? म्हणाले, मारली होती, खुर्चीला लागली.

आणि तो लग्न झालेला माणूस! सहा तारखेचं पान फाडून टाकणार होते. ठेवलंय. असू दे डोळ्यांसमोर.

२० सप्टेंबर

दोन दिवस भित्र्यासारखी वागले. तिसऱ्या दिवशी, आज सकाळी, वन्सं गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. आधी बोट ओलं करून वारा बघतात, मग दोरीच्या कुठल्या बाजूला काय घालायचं ते ठरवतात. यावरूनही मी किती हसलेय. मी कार्ड नंबर सत्त्याऐंशी त्यांच्या पुढ्यात धरलं. त्यावर मी उतरवलेला बाण होता.

त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं. मग म्हणाल्या, ‘डावी बाजू नीट भरली नाहीत तुम्ही.’

मी क्षमा मागितली. पहिल्यांदा जमली नाही. दुसऱ्यांदा नीट मागितली. त्यांनी एक उशीचा अभ्रा झटकला आणि दोरीवर टाकला. मग हळूहळू सांगितलं. साहेब दोन रात्री जागे होते, पहाटे चारला आराखडा काढून खुर्चीतच झोपले. माणसं कमी म्हणून फोनही वन्संच्याच टेबलावर. नकाशा गिरवून झाला आणि सहा दहाला फोन वाजला. शाळेचा शिपाई. गुरुजी निघून गेले होते, तो एकटा मापकापाशी थांबला होता. आकडा त्याने तीनदा सांगितला, आपलं कुणी ऐकणार नाही असं त्याला वाटत होतं.

‘साहेबांना उठवलं असतं तर ते वरती विचारायला गेले असते. नकाशा सातला जायचा होता. मी ब्लेड घेतलं. वहिनी, हात जरासुद्धा थरथरला नाही. पावणेसातला साहेबांनी डोळे चोळत सही केली.’

मी म्हटलं, वन्सं, साइटवर तुमचं नाव टाकायचंय. त्या एकदम मागे सरल्या. नको म्हणाल्या. त्यांची सही आहे त्या कागदावर, चूक झाली म्हणून. आता काय तोंडाने फिरवायची? आणि कुणाला पडलंय? मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, दोरीकडे बघत, ‘पाऊस पडला एवढं मी ऐकलं. पुढचं कधी वाचलं नाही. धीर झाला नाही. अहवाल म्हणतो हलवले, पण खरंच वेळेत निघाली का सगळी? ती माणसं पुढे… आहेत का कुणी?’

‘त्यातली एक परवा आपल्याकडे येऊन गेली,’ मी म्हटलं. ‘तुमच्या हातचा दोन कप चहा पिऊन गेली.’

चिमट्यांची पिशवी त्यांच्या हातून सुटली. मी त्यांना धरलं. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींना कधी धरलं नव्हतं. मला वाटतं दोघींनाही नीट जमलं नाही. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी डोक्यात चिमटे पडले, तो वर बघून ओरडत होता, त्याला मी नंतर सॉरी म्हटलं.

२१ सप्टेंबर

वन्संची अट. सकाळी चहाबरोबर आणून ठेवली, कागदावर, छापल्यासारख्या अक्षरात. ‘माझे नाव टाकणार असाल तर आधी शिपायाचे टाका. आकडा त्यांचा होता. मी फक्त रेषा काढली.’

मला हसू आलं आणि रडूही. संदर्भ लावायला मला बोलावलंय, आणि खरी संदर्भ लावणारी छत्तीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात होती.

२२ सप्टेंबर

बाईंच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. लिहायला शब्द शोधतेय, मिळत नाहीत, तेव्हा जसं झालं तसं. बाई ऐकत होत्या, मग उठून चपला न घालता आमच्याकडे आल्या. वन्सं दारात उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, ‘आत्या, मला दोन मुली आहेत.’ एवढंच. वन्संनी त्यांना आत घेतलं आणि चहा टाकला. शिपायाचं नाव ऐकल्यावर बाई म्हणाल्या, शिपाईकाका. ट्रकमध्ये फेकलं होतं ते त्यांनीच. पुढे कित्येक वर्षं नव्या वस्तीत त्यांच्या शेजारीच राहायचे. वारले, पण म्हातारे होऊन, अंथरुणात.

हे ऐकून वन्सं खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या.

२४ सप्टेंबर

साहेबांच्या मुलीला लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा आव न आणता सगळं लिहिलं: दोन रेषा, खरवडलेला पट्टा, वहीतली नोंद, आणि शेवटी हेही, की तुमचे वडील थकलेले होते, लबाड नव्हते. तिने नाही म्हटलं तर नकाशा गेला, आणि नकाशा गेला तर वन्संचं नाव कशाखाली लिहायचं?

१ ऑक्टोबर

उत्तर नाही. ‘भांडायचे’ खोक्यात आता हे एकच कार्ड. फोटोवाला इंटरनेट सुद्धा सापडला, एका छायाचित्रकाराची विधवा आहे, तिने तासभर फोनवर गप्पा मारल्या.

वन्सं दिवसातून तीनदा टपालाच्या पेटीपाशी जाऊन येतात. मला वाटतं फुलझाडांना पाणी घालायला जातात असं दाखवायचंय. झाडं कुजायला आलीत.

४ ऑक्टोबर

आलं! भलीमोठी नळी, कुरियरने. आत साहेबांचा पेन्सिलचा मूळ आराखडा. दोन गावं बाहेर. सोबत मुलीचं पत्र, या वेळी साध्या कागदावर. शेवटच्या आजारपणात वडील वारंवार म्हणायचे, ‘ती रेषा माझी नाही.’ तिला वाटायचं, ते चुकीबद्दल हळहळतायत. ‘आता कळलं, ते सांगायचा प्रयत्न करत होते. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावा. अट काही नाही. तुमच्या नणंदबाईंना माझा नमस्कार.’

हे ऐकू येत नाही म्हणणारे गृहस्थ पलीकडच्या खोलीतून धावत आले. आराखडा जेवणाच्या टेबलावर पसरला. वन्संनी बोटाने साहेबांची रेषा पुसटशी शिवून पाहिली आणि म्हणाल्या, सुंदर हात होता त्यांचा.

९ ऑक्टोबर

शाळेचं सभागृह भरलं होतं, पाठीमागे माणसं उभी. वन्संनी यायला नकार दिला, मग साडी बदलली, मग पुन्हा नकार दिला, मग सगळ्यांच्या आधी दारात तयार. शेवटच्या रांगेत बसणार म्हणाल्या, तेवढं मी ऐकलं.

बाईंनी पडदा लावला. तक्ते झाले, फोटो झाले. मग डावीकडे पेन्सिलचा नकाशा, उजवीकडे शाईचा. मुलांना विचारलं, फरक शोधा. पहिल्या रांगेतल्या एका मुलीला चटकन सापडला. मग अहवालाचं पान एकशे बारा आलं. ‘सुदैवाने’ या शब्दावर मी बसवलेला छोटासा आकडा होता, सत्त्याऐंशी. बाईंनी तो दाबला आणि खाली माझी तळटीप उघडली.

बाईंनी ती वाचली. आधी शिपायाचं पूर्ण नाव: यांनी आकडा कळवला. मग वन्संचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट: यांनी, सर्व जबाबदारी स्वतःवर घेऊन, रेषा बदलली. बाईंचा आवाज ‘जबाबदारी’पाशी फुटला, पण वाक्य त्यांनी पुरं केलं. मग म्हणाल्या, या हद्दीच्या आतलं इथे कुणी असेल तर उभं राहावं.

मला वाटलं, बाई एकट्याच. सभागृहात सतरा माणसं उभी राहिली. मी मोजली, मोजायची सवय आहे. मग त्यांच्यापाठोपाठ त्यांची मुलं उभी राहिली, काहींची नातवंडं, आणि मग माझी मोजणी चुकली. कुणीतरी मागे वळलं, मग सगळेच वळले, शेवटच्या रांगेकडे.

वन्सं बसूनच होत्या. मी म्हटलं, उठा. त्या पुटपुटल्या, ‘वहिनी, मी माझ्या कामाखाली कधी सही केलेली नाही. मला जमत नाही.’ तोवर बाई खडू घेऊन आल्या. वन्संनी खडू घेतला, फळ्यापर्यंत चालत गेल्या, आणि काळ्या फळ्यावर बाण काढला. डावी बाजू भरलेली, उजवी मोकळी, शेपटीवर बारीक रेघ. मग हात झाडले.

टाळ्या किती वेळ वाजत होत्या ते मला सांगता येणार नाही. हे माझ्या शेजारी कान झाकून बसले होते आणि त्यांचे गाल ओले होते. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ पानं शुद्ध केली, पण एखादं पान शुद्ध झाल्यावर माणसं उभी राहिलेली आजच पाहिली.

१० ऑक्टोबर

सत्त्याऐंशीचं कार्ड ‘सापडले’मध्ये टाकलं. ‘भांडायचे’ खोकं रिकामं झालं, त्यात यांनी लगेच बूट ठेवले.

सकाळी वन्संनी बोट ओलं करून वारा बघितला. मी वही घेऊन गॅलरीत गेले आणि विचारलं, कुठला? त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, थट्टा करतेय का ते ताडून पाहिलं, मग म्हणाल्या, आग्नेयेचा, मंद, कोरडा, चादरी आजच धुऊन घ्या.

चादरी धुतल्या. वारा: आग्नेय, मंद, कोरडा. माहिती कोणाकडून: या रकान्यात मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.